डॉक्टरांपूर्वीची दहा मिनिटे : तपासणी कक्षातील साहाय्यकाचे काम

गोमंतकातील आधुनिक वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १८४२ साली पणजी येथे वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले व १९६३ साली त्याचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झाले. या परंपरेतील डॉक्टरांचे स्थान सर्वांस परिचित आहे. परंतु रुग्ण डॉक्टरांसमोर जाण्यापूर्वी त्याची नाडी, श्वसन, ताप, वजन व रक्तदाब पाहून केसपेपरवर नोंदविणाऱ्या वैद्यकीय साहाय्यकाचे काम सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. वस्तुतः डॉक्टरांच्या निदानाची पहिली पायरी म्हणजे हीच नोंद होय. ती चुकली तर पुढील उपचारही चुकण्याचा संभव असतो. यास्तव या कामाची मूलतत्त्वे प्रशिक्षणार्थींप्रमाणेच ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांनीही जाणून घेणे हितावह ठरेल.

हात, नाव आणि पडदा

साहाय्यकाचे पहिले कौशल्य हात धुण्याचे आहे. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात डॉ. इग्नाझ सेमेल्वाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. आजही हा नियम तितकाच महत्त्वाचा आहे. साबण व पाण्याने हात धुण्याच्या पूर्ण क्रियेस ४० ते ६० सेकंद लागावेत; अल्कोहोलयुक्त द्रावण चोळावयाचे असल्यास २० ते ३० सेकंद पुरतात. बोटांच्या बेचक्या, अंगठा व नखांची टोके या जागा हमखास राहून जातात. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी आणि केल्यानंतर, दोन्ही वेळी हात स्वच्छ करावेत. हातमोजे घातले म्हणून हात धुणे टळत नाही.

त्यानंतर रुग्णाची ओळख पटवावी. ‘आपण अमुकच ना?’ असे विचारल्यास कमी ऐकू येणारा अथवा संकोची रुग्ण ‘होय’ म्हणून मोकळा होतो. म्हणून ‘आपले पूर्ण नाव काय? वय किती?’ असे विचारून उत्तर केसपेपरशी ताडून पाहावे. एकाच वाड्यावर एकाच नावाच्या दोन-तीन व्यक्ती असणे आपल्याकडे नवलाचे नाही.

तपासणीपूर्वी पडदा ओढावा, आपण काय करणार आहोत ते रुग्णास त्याच्या भाषेत सांगावे व त्याची संमती घ्यावी. स्त्री रुग्णाच्या तपासणीच्या वेळी स्त्री कर्मचारी अथवा तिच्या घरची स्त्री जवळ असावी. संकोच दूर झाला की रुग्ण आपले खरे दुखणे सांगतो.

नाडी, श्वसन व ताप

नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूस तर्जनी व मध्यमा ठेवून पाहावी. अंगठ्याने पाहू नये. तपासणाऱ्याला स्वतःच्याच अंगठ्यातील ठोके जाणवण्याचा संभव असतो. विश्रांत प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटास सर्वसाधारणपणे ६० ते १०० असते. ठोके अनियमित असल्यास पूर्ण एक मिनिट मोजून तसे स्पष्ट नमूद करावे.

श्वसन मोजताना मात्र ‘आता श्वास मोजतो’ असे सांगू नये. लक्ष वेधले की श्वासाची गती बदलते. नाडीवरील बोटे तशीच ठेवून छातीच्या हालचालींकडे पाहावे. प्रौढांमध्ये ही गती मिनिटास १२ ते २० असते. लहान मुलांच्या बाबतीत हे मोजमाप जीवनदायी ठरू शकते. मूल शांत असताना छाती उघडी करून, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बालकात ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षे वयात ४० वा अधिक श्वास आढळल्यास ती गती जलद समजावी. खोकल्याबरोबर जलद श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. अशा बालकास रांगेत न थांबवता डॉक्टरांकडे न्यावे.

काखेत ताप पाहताना घाम पुसून घ्यावा व दंड अंगाशी टेकवून ठेवावा. काखेतील तापमान तोंडातील तापमानापेक्षा किंचित कमी भरते. म्हणून ताप कोठे पाहिला हेही लिहावे.

रक्तदाब : सर्वांत नाजूक मोजमाप

दंडाभोवती पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीतील डॉ. रिवा-रोची यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. स्टेथोस्कोपने ठोके ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे घेण्याची पद्धत रशियातील डॉ. कोरोत्कोव यांनी १९०५ साली मांडली. पद्धत साधी असली तरी ती पाळण्यात चूक सहज होते.

चढण चढून आलेल्या रुग्णाचा रक्तदाब लगेच घेऊ नये. त्यास पाच मिनिटे शांत बसू द्यावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायांवर पाय नाहीत, हात हृदयाच्या पातळीवर टेकविलेला अशी बैठक असावी. अर्ध्या तासात चहा, कॉफी वा धूम्रपान झालेले नसावे; लघवीस जायचे असल्यास आधी जाऊ द्यावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा व मोजताना कोणी बोलू नये. जाड दंडास लहान पट्टा बांधल्यास रक्तदाब खऱ्याहून जास्त दिसतो. हवा सोडताना काटा अथवा पारा सेकंदास सुमारे २ मिलिमीटर या संथ गतीने उतरू द्यावा. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा व ठोके नाहीसे होतात तो खालचा.

गर्दीच्या दिवशी येथेच मोह होतो. रुग्ण धडधाकट दिसतो, रांग मोठी असते आणि न मोजताच ‘१२०/८०’ लिहिले जाते. सहा महिन्यांची गरोदर स्त्री अशा वेळी समोर असेल तर काय घडते, याचा विचार करावा. तिचा रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक असू शकतो आणि तिला स्वतःला काहीही जाणवत नसते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके येईपर्यंत वाट पाहिली तर माता व बालक दोघांच्याही जिवास धोका संभवतो. रिकामी जागा पाहून डॉक्टर पुन्हा मोजावयास सांगतात. काल्पनिक आकडा पाहून ते निश्चिंत होतात. म्हणून मोजता आले नाही तर ‘मोजले नाही’ असे लिहावे. यात कमीपणा नाही.

कामाचा शेवट

वापरलेल्या सुईस पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचण्याचे अपघात अनेकदा तेव्हा होतात. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये सुया व धारदार वस्तू पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि रक्ताने माखलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत टाकावयाच्या असतात.

नागरिकांनीही या कामी सहकार्य करावे. जुने कागद व चालू असलेली औषधे सोबत आणावीत, साहाय्यकाने शांत बसावयास सांगितल्यास ‘लवकर करा’ असा तगादा लावू नये आणि मोजलेला आकडा अवश्य विचारून घ्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्वतःची नाडी मोजण्यास शिकवावे. संबंधित अधिकाऱ्यांनी लहान व मोठ्या मापाचे पट्टे पुरेसे आहेत आणि उपकरणांची वेळोवेळी तपासणी होते, याकडे लक्ष द्यावे. असे झाल्यास डॉक्टरांच्या मेजावर पोहोचणाऱ्या केसपेपरवरील प्रत्येक आकड्यावर त्यांना विसंबता येईल.