धातुशोधक यंत्र आणि नाण्याची साक्ष

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे गाव वैनगंगेच्या काठी प्राचीन मातीच्या तटबंदीच्या आत वसलेले आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. त्यात जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप व त्याच्या कठड्यावरील ब्राह्मी लेख उजेडात आले. भार वंशातील भगदत्त राजाचा व महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा लेखही याच गावचा. अशा भूमीत जुनी नाणी असावीत यात नवल नाही. नवल आहे ते एवढेच की, हाती धरून फिरविण्याचे धातुशोधक यंत्र आता बाजारात सहज मिळते, आणि टेकडीवर, नदीकाठी किंवा एखाद्या सार्वजनिक उद्यानात नाणे शोधणे हा निरुपद्रवी छंद समजला जातो.

यंत्राचे कार्य समजण्यास कठीण नाही. त्याच्या चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला असता भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीत धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे क्षीण प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपते. अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये याच तत्त्वाचा उपयोग करून पाहिला होता; तो फसला. सुट्या नाण्याच्या बाबतीत यंत्राची पोच साधारणतः वीतभरच असते. शिवाय यंत्रास धातू कळतो, नाणे कळत नाही. भंडारा हे पितळी भांड्यांचे जुने गाव. तेथील जमिनीत भांड्याचा तुकडा आणि नाणे यांचा आवाज बहुधा सारखाच यावयाचा. उलट सातवाहनांची पोटीन नाणी तांबे, शिसे व कथील यांच्या मिश्रणाची. त्यांची विद्युत्वाहकता कमी असल्याने, भंगार टाळण्यासाठी यंत्र बेतून ठेवले की तीच गाळली जाण्याचा संभव असतो. उद्यानात तर आणखी एक फसगत आहे. तेथील माती पुष्कळदा भरावाची, म्हणजे अन्य ठिकाणाहून आणलेली असते. नाणे खरे असले तरी त्याचे गाव खोटे ठरते.

गावास एवढे महत्त्व का, हे तऱ्हाळ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९३९ साली तत्कालीन अकोला, आजच्या वाशिम जिल्ह्यातील या गावी सातवाहनांच्या सुमारे दीड हजार पोटीन नाण्यांचा संचय सापडला. वा. वि. मिराशी यांनी तो प्रसिद्ध केला. पुळुमावी, यज्ञ सातकर्णी या परिचित राजांबरोबर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी, पुराणांच्या याद्यांत नसलेली नावे त्यांत वाचली गेली. हेच नाणे एकटे, ठावठिकाण्यावाचून एखाद्या सराफाकडे आले असते, तर त्यावरील नाव एक कोडे होऊन राहिले असते. संचय एकत्र राहिला म्हणूनच त्या राजांना वंशात व काळात जागा देता आली. पदाचा अर्थ वाक्यातील स्थानावाचून ठरत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको.

भाषेच्या अभ्यासाशी या प्रश्नाचा संबंध याहूनही निकटचा आहे. नाण्यावरील ‘रञो सिरि’ यांसारख्या प्राकृत अक्षरांमुळे मराठीच्या पूर्वपीठिकेचा तारखेसह पुरावा मिळतो. आणि तारीख ठरते ती नाणे ज्या थरात असते त्या थराने. पुढील काळाचेही तसेच. चक्रधरांच्या शिष्यांपैकी निळभट्ट हे भांडारेकार. म्हणजे लीळाचरित्राचा या जिल्ह्याशी नामनिर्देशापुरता तरी संबंध आहे. त्या ग्रंथात ‘दाम’ व ‘आसू’ ही चलनाची नावे येतात. ‘दाम’ची परंपरा ‘द्रम्म’मार्गे ग्रीक ‘द्राख्मे’पर्यंत नेता येते. तथापि तेराव्या शतकातील विदर्भात आसू म्हणून हातोहात फिरणारे नाणे कोणत्या धातूचे, कोणत्या वजनाचे, हे व्युत्पत्तीने ठरत नाही. त्यासाठी त्या शतकाच्या अबाधित थरातील नाणी हवीत. कुदळीच्या एका घावाने थर मोडला की खापर, राख, विटेचा चुरा यांची संगती संपते. आणि ती पुन्हा लावता येत नाही.

दोष यंत्राचा नव्हे. १९८४ मध्ये अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधकांच्याच साहाय्याने गोळ्या व काडतुसे शोधली. प्रत्येकीची जागा नकाशावर मांडल्यामुळे लढाईतील हालचालींचा माग लागला. इंग्लंडमध्ये १९९७ पासून हौशी शोधकांकडून वस्तूंची नोंद करून घेण्याची योजना चालत आली आहे. नांगराने आधीच उलथलेल्या मातीपुरती ही पद्धत उपयुक्त आहे. पवनीच्या टेकड्यांना ती लावणे मात्र अनर्थाचे होईल.

भारतातील कायदा जुना आहे, पण त्याची माहिती थोड्यांस असते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजी मूल्य व सापडल्याचे ठिकाण जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. ते लपविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. प्रामाणिक शोधकास मात्र हिस्सा मिळण्याची तरतूद आहे. लोकांची समजूत याच्या नेमकी उलट असते, आणि म्हणून नाणी सरकारकडे न जाता वितळविली जातात. १९५८ च्या अधिनियमान्वये संरक्षित क्षेत्रात परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही; १९७२ च्या अधिनियमाने शंभर वर्षांचे कोणतेही नाणे पुरावस्तू ठरते.

पवनीच्या शेतकऱ्यास पहिल्या पावसानंतर बांधावर हिरवट चकती दिसली, तर ती घासूनपुसून चकचकीत न करता, आहे त्या मातीसह कागदात गुंडाळावी आणि शेताचे नाव, गट क्रमांक व दिवस त्यावर लिहून तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यास कळवावे. चिंच किंवा लिंबू लावल्याने अक्षरांवरील गंज जातो, पण पुष्कळदा गंजाबरोबर अक्षरेही जातात.