विश्लेषण : ‘जिटर्स’, ‘कॉलीवॉबल्स’, ‘हीबी-जीबीज’... घाबरण्याला इतकी गमतीदार नावे का?

व्हिडीओ कॉलवर आवाज तुटक येऊ लागला, की नेटवर्क इंजिनीअर ‘जिटर’ तपासतात. डेटाची पाकिटे ठरावीक अंतराने न येता मागेपुढे पोहोचतात, त्या चढउताराचे हे नाव. पण हा तांत्रिक अर्थ नंतरचा. १९२०च्या दशकातील अमेरिकेत ‘द जिटर्स’ म्हणजे माणसाच्या मनाची धाकधूक.

हे शब्द आले कुठून?

‘हीबी-जीबीज’ या शब्दाचे श्रेय व्यंगचित्रकार बिली डीबेक यांना दिले जाते. १९२३मध्ये त्यांच्या चित्रपट्टीत तो झळकला आणि १९२६मध्ये लुई आर्मस्ट्राँग यांनी याच नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. ‘कॉलीवॉबल्स’ त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकातला. पोटातल्या कळीचा ‘कॉलिक’ आणि डगमगण्याचा ‘वॉबल’ यांची ही मोट असावी, असे मानले जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या पोटात गोळा येतो, तसे इंग्रजांचे पोट डुगडुगते. भीतीचा पत्ता दोन्हीकडे एकच!

मग गंमत कुठे संपते?

पहिल्या महायुद्धाच्या खंदकात. घाबरलेल्या ब्रिटिश सैनिकाला सोबती ‘विंडी’ म्हणत. भीती वाटणे म्हणजे ‘विंड अप’ होणे, शब्दशः वारा चढणे. असे थट्टेत म्हणता येत होते. पण त्याच भीतीने पाय मागे घेतला, तर लष्करी न्यायालय गाठावे लागे.

डॉक्टरांनाही नेमका शब्द सापडत नव्हता. १९१५मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘द लॅन्सेट’मधील लेखात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. १९१७मध्ये लष्कराने त्याच्या वापरावर बंधने आणली. अशा रुग्णाच्या कागदावर ‘एनवायडीएन’ ही अक्षरे येऊ लागली : निदान अद्याप नाही, मज्जाविकार. कॉलीवॉबल्ससारखा शब्द घडवणाऱ्या भाषेला इथे चार कोरडी अक्षरे पुरली.

पलायन, भेकडपणा अशा आरोपांवरून गोळ्या घालून मारलेल्या ३०६ सैनिकांना २००६च्या ब्रिटिश कायद्याने मरणोत्तर माफी दिली. मात्र त्याच कायद्यात नमूद आहे, की या माफीमुळे त्यांचा दोषसिद्धीचा निकाल किंवा शिक्षा बदलत नाही.