रंगाआडचे मीठ

नदीचे पाणी लाल-निळे झाले की तक्रारी होतात, फोटो छापून येतात. सुती कापडाच्या रंगाईतून बाहेर पडणारा सर्वांत मोठा ऐवज मात्र डोळ्यांना दिसतच नाही. तो म्हणजे मीठ. रंगाईचे एखादे तंत्र पर्यावरणाला कितपत मानवते हे ठरवताना रंग झाडाचा की कारखान्याचा, हे नंतर पाहावे. एक किलो कापडामागे मीठ किती वाहून गेले आणि कापडाला न चिकटलेला रंग किती, हे आधी विचारायला हवे.

१९५६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. हे रंग कापसातल्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतात, म्हणून धुण्याला पक्के ठरतात. अडचण एवढीच की पाण्यात भिजलेल्या कापसावर ऋणभार येतो, रंगाचे रेणूही ऋणभारित असतात आणि दोघे एकमेकांना दूर लोटतात. हे लोटणे दाबण्यासाठी रंगाच्या पाण्यात साधे किंवा ग्लॉबर मीठ घालतात. गडद छटेसाठी लिटरला ६० ते ८० ग्रॅम. किलोभर कापडाला दहा लिटर पाणी धरले, तर मीठ झाले ६०० ते ८०० ग्रॅम. रंगाला कापडापर्यंत पोहोचवून ते जवळजवळ सगळेच्या सगळे सांडपाण्यात जाते. पुढे सोडा घालून बंध पक्का करताना काही रंग कापसाऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करतो आणि निकामी होतो. जुन्या धाटणीच्या रंगांत हा वाया जाणारा वाटा २० ते ४० टक्के असतो. तो सैल रंग काढायला कढत पाण्याच्या धुलाईवर धुलाई करावी लागते.

सांडपाणी शुद्ध केले की झाले, असे यावर म्हटले जाते. जिवाणू सेंद्रिय घाण खातात, पण मीठ खात नाहीत. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरने याची किंमत मोजली आहे. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या खाऱ्या पाण्याने नोय्यल नदी आणि तिच्यावरचे ओरथुपालयम धरण शेतीच्या कामाचे राहिले नाही. अखेर २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. नंतर ते सुरू झाले ते सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर. पाणी पडद्यातून दाबून गाळायचे, उरलेले आटवायचे आणि मिठाचे पाणी पुन्हा रंगाईला वापरायचे. ही मोठीच कामगिरी आहे. पण आटवण्याला प्रचंड इंधन लागते आणि शेवटी मिश्र क्षारांचा निरुपयोगी गाळ उरतोच. म्हणून मीठ मुळातच कमी घालणे हा खरा उपाय.

तसे मार्ग आहेत, आणि त्यांतला सर्वांत साधा उपेक्षित आहे. ‘कोल्ड पॅड बॅच’ पद्धतीत कापड रंग आणि अल्कलीच्या थोड्या द्रावणातून काढून पिळतात, गुंडाळी करून प्लास्टिकने झाकतात आणि ती सावकाश फिरवत बारा ते चोवीस तास ठेवतात. बंध न तापवताच जुळतो. रंग दाबूनच कापडात बसवलेला असल्याने मिठाची गरज उरत नाही. पाणी आणि वाफही वाचते. छटा बरोबर आली का, हे दुसऱ्या दिवशी कळते आणि छोट्या मागण्यांना हे परवडत नाही, ही कारखानदारांची हरकत खरी आहे. सुतालाही ही पद्धत लागू पडत नाही. सोलापुरी चादरीसारख्या मालात सूत आधी रंगवून मग विणतात. तिथे दोन ठिकाणी बंध जोडणारे, कमी मिठावर चालणारे रंग उपयोगी. कापसावर आधीच धनभार चढवून मीठ पूर्ण टाळण्याचीही रीत आहे, पण त्यासाठी लागणारे रसायन स्वतःच जपून हाताळण्याजोगे असते आणि रंग डागाळण्याचा धोका राहतो. कार्बन डायऑक्साइडमधल्या ‘बिनपाण्याच्या’ रंगाईचा गाजावाजा पॉलिएस्टरपुरता खरा आहे. कापसाला ती अजून मानवत नाही.

मग मंजिष्ठा, नीळ, हिरडा का नको? हातमागावर, थोड्या मालाला जरूर हवेत. तो वारसा मोलाचा आहे. पण बहुतेक वनस्पतिरंग कापसावर नुसते बसत नाहीत. आधी हिरड्याचे टॅनिन, मग तुरटी, असे टप्पे लागतात. गडद लाल रंगासाठी किलोभर कापडाला अर्धा ते एक किलो मंजिष्ठेची मुळे लागतात, तिथे कारखान्यातला रंग चाळीस ग्रॅममध्ये भागतो. साऱ्या देशाचे सुती कपडे असे रंगवायचे तर अन्नधान्याच्या जमिनीवर रंगाची शेती करावी लागेल.

तंत्रे हाताशी असूनही ती मागे राहतात, कारण मीठ स्वस्त आहे आणि त्याचे नुकसान दुसऱ्याच्या विहिरीत उतरते. मोजमापही चुकते. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम अशी असते. पाणी वाचवणाऱ्याचे सांडपाणी साहजिकच दाट होते आणि तो दोषी ठरतो. भरपूर पाणी ओतून तेच मीठ पातळ करणारा सुटतो. पंचगंगेच्या खोऱ्यात असो की नोय्यलच्या, हिशेब किलो कापडामागे किती ग्रॅम मीठ सोडले याचा मागितला, तर कोल्ड पॅड बॅच चालवणाऱ्या इचलकरंजीच्या कारखानदाराला आपली बचत दाखवता येईल.