अवयव पाडा!

मंडळी, तुमच्या घरी आठवी-नववीतलं मूल असेल, तर जेवणाच्या टेबलावर सध्या ‘फॅक्टरिंग’चा पसारा असणार. मराठी शाळेत यालाच ‘अवयव पाडा’ म्हणतात. मुलांना हा शब्द जरूर सांगा; गणिताचं मर्म त्यातच आहे.

एक उदाहरण घेऊ. मुलं एक्स, वाय, झेड लिहितात. आपण क, ख, ग लिहू.

क² − ख² + कग + खग

तीन चलं बघून घाबरू नका. ज्या चलाचा घात सर्वांत लहान, त्याला आधी पकडा. इथे ‘ग’चा वर्ग कुठेच नाही. म्हणून ‘ग’ असलेली पदं एकत्र करा: ग(क + ख). उरलं क² − ख², म्हणजे (क + ख)(क − ख). दोन्हींत (क + ख) समाईक आहे. तो बाहेर काढला की झालं:

(क + ख)(क − ख + ग)

“पण याचा उपयोग काय?” मूल विचारणारच. ही राशी शून्य असेल, तर दोनपैकी एक कंस तरी शून्य असलाच पाहिजे. क, ख, ग म्हणजे खोलीतली लांबी, रुंदी, उंची मोजणारे आकडे समजा. मग प्रत्येक कंसातून एक सपाट प्रतल मिळतं. म्हणजे ते लांबलचक समीकरण म्हणजे एकमेकांत अडकवलेले दोन पुठ्ठे! राशीचे अवयव हे आकृतीचेही अवयव असतात.

समीकरण आणि आकृती यांचं हे नातं म्हणजे बैजिक भूमिती. या विषयात जगभर नाव मिळवलेले आपले डॉ. श्रीराम अभ्यंकर इथेच, इंडियानात होते. १९३० साली उज्जैनला जन्म, १९५५ मध्ये हार्वर्डची पीएचडी, आणि १९६३ पासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत पर्ड्यू विद्यापीठ. पुण्यात १९७६ साली त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. दोन चलांच्या राशीचे एखाद्या बिंदूजवळ अवयव पडतात की नाही, हे ओळखण्याची एक कसोटीही त्यांनी दिली. गणित अधिकाधिक अमूर्त होत असताना, शाळेतल्या बीजगणितात किती ताकद आहे, हे ते हिरिरीने सांगत राहिले.

तेव्हा यंदा गृहपाठ अडला, तर भारतातल्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावा. ‘फॅक्टरिंग’ म्हणालात तर ते कदाचित गोंधळतील; ‘अवयव पाडा’ म्हणा, लगेच वही-पेन घेऊन बसतील.