न्यू लॅनार्क : एका गिरणीगावाचे रूपांतर

साहित्यविचारात भाषांतर आणि रूपांतर यांत जो भेद केला जातो, तो वास्तूंच्या संदर्भातही उपयुक्त ठरतो. भाषांतराची बांधिलकी मूळ आशयाशी असते. रूपांतर मात्र मूळ कृतीची बांधणी राखून तिला नव्या परिस्थितीत उभे करते. बंद पडलेल्या ग्रामीण उद्योगस्थळाचा पुनर्वापर या दुसऱ्या प्रकारात मोडतो. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय.

क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळ डेव्हिड डेल याने वसविलेल्या या गावात १७८६ मध्ये कापसाचे सूत काढण्यास प्रारंभ झाला. १८०० मध्ये गिरण्यांचा कारभार त्याचा जावई रॉबर्ट ओवेन याच्याकडे आला. दहा वर्षांखालील मुलांना कामावर न घेण्याचा निर्णय आणि १८१६ मध्ये उघडलेली शिक्षणसंस्था यांमुळे हे गाव युटोपियाच्या वाङ्मयीन परंपरेचे प्रत्यक्षातील प्रयोगस्थळ ठरले.

१९६८ मध्ये गिरण्या बंद पडल्या आणि वस्ती ओस पडू लागली. १९७४ मध्ये जतनासाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला. केवळ संग्रहालय उभारणे हा त्याचा हेतू नव्हता. कामगारांच्या चाळवजा इमारती दुरुस्त होऊन तेथे पुन्हा कुटुंबे राहू लागली. एका गिरणीत १९९८ मध्ये हॉटेल सुरू झाले. दुसरीत लोकरीचे सूत काढले जाऊ लागले आणि जुन्या जलटर्बाइनवर वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. २००१ मध्ये या गावाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

या यशाची कारणे मूळ रचनेतच आहेत. भक्कम दगडी भिंती आणि आडभिंतींविना पसरलेले प्रशस्त मजले नव्या उपयोगांना सहज सामावून घेतात. ज्या प्रवाहामुळे गिरणी येथे आली, तोच प्रवाह आजही ऊर्जा पुरवितो. शाश्वतता येथे बाहेरून आणलेली नाही; ती स्थळाच्या मूळ तर्काचाच विस्तार आहे.

तथापि प्रत्येक रूपांतरात काही गळतेच. या गिरण्यांत आलेल्या कापसाचा मोठा भाग अमेरिका खंडातील गुलामांच्या श्रमातून पिकलेला होता. ओवेनच्या सुधारणांची साक्ष शाळेची इमारत देते. त्या दूरस्थ श्रमिकांची साक्ष देणारी एकही भिंत गावात नाही. इमारती वाचविल्या म्हणजे इतिहास वाचला, असे म्हणूनच मानता येत नाही. वास्तूच्या पुनर्वापराला अर्थाच्या पुनर्वाचनाची जोड मिळाली, तरच असे रूपांतर मूळ संहितेशी प्रामाणिक राहू शकते.