पाठीतल्या सुईचं खरं-खोटं

"पाठीत सुई देल्ली तवापासून कंबर धरली ना वं!" सिझर झालेल्या वऱ्हाडातल्या कितीतरी मावशा हेच सांगतात. पण कायमच्या कंबरदुखीचा दोष या सुईवर टाकावा, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. सुईची जागा दोन-चार दिवस दुखते, एवढंच. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात, तिथं पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात.

डोकेदुखी मात्र खरी. सुईच्या छिद्रातून पाठीतलं पाणी झिरपलं की एक-दोन दिवसांत डोकं ठणकतं. बसलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं. ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जननं १८९८ मध्ये हा प्रयोग स्वतःवर करून घेतला आणि नऊ दिवस डोकं धरून बसला! आता सुया बारीक झाल्यात, त्रास कमी झालाय. पण झोपूनही डोकं थांबेना, उलट्या, अंधुक दिसणं किंवा झटके आले, तर मेंदूभोवती रक्त साचलेलं असू शकतं. ते फार क्वचित होतं, पण तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

पायांचं काय? ब्रिटनमध्ये पाठीतून दिलेल्या ७ लाखांहून जास्त भुलींचा हिशेब २००९ मध्ये मांडला गेला. कायमची इजा निघाली लाखात २ ते ४ जणांना. त्यातलं एक कारण म्हणजे मणक्यात साचलेलं रक्त किंवा पू. नसा दाबल्या जातात आणि तिथं तास मोजावे लागतात.

अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग, रात्री पेशंटजवळ थांबायला घरातलं कॉलेजवालंच पाठवतात. म्हणून हे तुम्हालाच माहीत हवं. शेवटच्या डोसनंतर चार तासांनीही पाय सरळ उचलता येत नसेल, किंवा उतरलेला बधिरपणा परत चढला, तर सिस्टरला उठवा, भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगा. "सकाळी राउंडला सांगू" नको. लघवीची नळी असेपर्यंत लघवी अडलेली कळत नाही, म्हणून नळी काढल्यावर लक्ष ठेवा.

आणि आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन असेल, तर रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पट्टी भूलतज्ज्ञांच्याच हातात द्या. सर्जनला सांगितलं म्हणजे त्यांनाही कळलं, असं धरू नका.