काचपेटीतले शेवाळ आणि समुद्र

पावसाळ्यात अंगणातील चिऱ्यावर धरलेले शेवाळ खरवडून काढावे आणि आठवड्याभरात ते पुन्हा तेथेच उगवावे, हा अनुभव किनारपट्टीवरील प्रत्येक घराला आहे. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवून तीत प्रवाळ व रंगीत मासे जोपासणाऱ्या हौशी मंडळींचीही हीच व्यथा आहे. छंद खर्चिक आहे, मूठभरांचा आहे. मग त्याची चिंता अग्रलेखाने का वाहावी? कारण या पेटीतील प्रश्न पेटीतच राहत नाही, हे जगाने एकदा पुरते अनुभवले आहे.

शेवाळ हा मुळात शत्रू नव्हे. प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याचे पोषण मुख्यतः त्याच्या देहात वस्तीस असलेल्या सूक्ष्म शैवालांवरच चालते. अनर्थ होतो तो प्रमाण सुटले म्हणजे. म्हणूनच उपायाआधी ओळख हवी. नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर व वाळूवर धरणारी तपकिरी पूड ही डायटमांची असते. पाण्यातील सिलिका संपली की ती बहुधा आपोआप ओसरते. काळपट तांबडा, बुळबुळीत, चादरीसारखा सोलून निघणारा थर हे खरे शेवाळच नव्हे; ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू होत. जेथे पाणी मंद वाहते आणि मळ साचतो तेथे ते माजतात. केसांसारखे हिरवे तंतू नायट्रेट व फॉस्फेट वाढल्याची साक्ष देतात. काचमण्यांसारखे हिरवे फुगे दिसले तर ते न फोडता अलगद काढावेत.

या सर्वांवर उपाय साधे आहेत, पण ते चिकाटी मागतात. माशांना मोजकेच अन्न घालावे, आरओ यंत्रातून शुद्ध केलेले पाणी वापरावे, ते नियमाने थोडे थोडे बदलावे, प्रवाह खेळता ठेवावा, दिव्याचे तास आवरावेत आणि शेवाळ चरणारे शंख व मासे पाळावेत. औषधाची बाटली ओतणारा लक्षण दडपतो. कारण जागच्या जागी राहते.

चरणाऱ्यांचे हे महत्त्व निसर्गानेही दाखवून दिले आहे. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील काळे काटेरी समुद्रसाळू एका रोगाने जवळजवळ नामशेष झाले. अतिमासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे आधीच विरळ झाले होते आणि १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडून पडले होते. परिणामी जमैकाच्या किनाऱ्यावर एकेकाळी निम्म्याहून अधिक तळ व्यापणारे प्रवाळ पुढील दशकात पाच टक्क्यांच्याही खाली आले, आणि त्यांची जागा शेवाळाने घेतली.

पण खरा धडा भूमध्य समुद्राचा आहे. पाण्यातील नायट्रेट शोषून घेते म्हणून ‘कॉलेर्पा’ नावाचे पिसासारखे देखणे शेवाळ हौशी लोक मुद्दाम लावीत. त्याच्या ‘टॅक्सिफोलिया’ या जातीचा, थंड पाण्यातही टिकणारा एक वाण युरोपातील मत्स्यालयांतून हातोहात पसरला. १९८४ साली मोनाकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या पायथ्याशी हेच शेवाळ समुद्रात आढळले, जेमतेम एक चौरस मीटर जागेत. नीस विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आलेक्सांद्र मेनेझ यांनी धोक्याची घंटा वाजविली. परंतु ते कोठून आले, किती घातक आहे, या वादातच वर्षे निघून गेली. संग्रहालयाच्या धुरीणांनी दोष नाकारला. पुढे जनुकीय तपासणीत मत्स्यालयांतील वाण आणि समुद्रातील वाण एकच ठरले. तोवर तुटलेल्या तुकड्यातूनही रुजणारे हे शेवाळ नांगरांना व जाळ्यांना चिकटून पसरले होते. २००० सालाच्या अखेरीस सहा देशांतील सुमारे १३० चौरस किलोमीटर तळ त्याच्या कक्षेत आला होता. पुढे काही ठिकाणी ते ओसरले, पण ते माणसाच्या कर्तृत्वाने नव्हे.

त्याच वर्षी, २००० मध्ये, कॅलिफोर्नियातील एका खाडीत ते दिसताच तेथील अधिकाऱ्यांनी वाद घातला नाही. शेवाळावर ताडपत्र्या अंथरून त्याखाली क्लोरीन सोडला, विक्रीवर बंदी आणली आणि २००६ साली निर्मूलन जाहीर केले. खर्च सत्तर लाख डॉलरांच्या घरात गेला. एका चौरस मीटराला हात घातला असता तर काय लागले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

गोव्याला या कथेतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मुरगावजवळच्या ग्रांडे बेटापाशी प्रवाळ आहेत. शेजारी मालवणला आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाषाणप्रवाळांना संरक्षण दिले आहे, तेव्हा आपल्या समुद्रातून ते उचलून आणणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे. कंटाळा आला म्हणून काचपेटी मांडवीत किंवा जुवारीत रिकामी करणे हाही तितकाच बेजबाबदारपणा होय. काढलेले शेवाळ उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात टाकावे. नाल्यात टाकू नये. १९६६ पासून समुद्राचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था दोनापावल येथे आपल्या दाराशी आहे. तिच्या सल्ल्याने मत्स्योद्योग खात्याने विक्रेत्यांसाठी सुबोध मराठी-कोंकणी सूचना काढाव्यात, आणि अनोळखी शेवाळ दिसल्यास मच्छीमाराने कोणाला कळवावे हेही ठरवून द्यावे.

आणि एक गोष्ट राज्यकर्त्यांनीही ध्यानी घ्यावी. पेटीत अन्न जास्त पडले की शेवाळ माजते; नद्यांत सांडपाणी व शेतातील खत जास्त उतरले की तोच नियम लागू होतो. पेटीचा धनी निदान पाणी बदलू शकतो. समुद्राचे पाणी बदलण्याची सोय कोणत्याही सरकारपाशी नाही.